सवय कुणाला होते

यंदाच्या कोजागरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर नेहमीप्रमाणे मोठ्या पातेल्यात दूध आटत होते. गंगापूर रस्त्यावरची वाहने विरळ झाली होती, हवेत नाशिकच्या ऑक्टोबरातला तो बारीक गारवा आला होता, आणि ढगांमागून चंद्र डोकावला की पोरे पातेल्यावर वाकून त्यात तो दिसतो का हे पाहत होती. केशर, जायफळ आणि चारोळी यांचा वास गच्चीच्या कठड्यापर्यंत पोहोचला होता. माझ्या हाती कप आला. वरची साय किंचित सुरकुतली होती. मी तो नाकाशी नेला, दोन क्षण तसाच धरला, आणि शेजारी बसलेल्या आमच्या ह्यांच्या हातात सरकवला. हे गेली कित्येक वर्षे चालत आले आहे आणि त्यात काही विशेष नाही. पण दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी ते नेमके पाहिले. "मॅडम, तुम्ही सोडून दिलंत ना, म्हणून पचत नाही. रोज थोडं थोडं घेत जा. सवय होते," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या कोणाचा तरी कप भरायला वळल्या.

सवय होते. हे दोन शब्द मी खाली घरात येईपर्यंत आणि त्यानंतरही बराच वेळ तोंडात घोळवत राहिले, कारण हेच शब्द मी फार पूर्वी एकदा ऐकले होते, प्रश्नाच्या रूपात, आणि त्या वेळी मी ज्याला उत्तर द्यायला हवे होते त्याला गप्प बसवले होते.

मी तीस वर्षांहून अधिक काळ कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवले. 1994 किंवा 1995 ची गोष्ट असावी. बारावीच्या वर्गात शेवटच्या बाकाच्या अलीकडे एक मुलगा बसत असे. जुन्या नाशकात त्यांचा म्हशींचा गोठा होता. पहाटे धारा काढून, सायकलला कॅन अडकवून रतीब घालून तो सकाळच्या पहिल्या तासाला येई, आणि पावसाळ्यात खिडक्या बंद असल्या की त्याच्याभोवती सरकी पेंडीचा आणि ओल्या गवताचा एक दरवळ असे, ज्यावरून बाकीची मुले त्याला अधूनमधून बोलत. त्या दिवशी मी फळ्यावर लॅक ऑपेरॉन, म्हणजे जिवाणूतल्या एकाच खटक्यावर चालणाऱ्या जनुकांचा संच, काढला होता. निरनिराळ्या रंगांच्या खडूंनी काढलेल्या त्या आकृतीचा मला, खरे सांगायचे तर, थोडा अभिमानच होता. जिवाणूला लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, मिळाले की ते पचवणारे विकर (एन्झाइम) तयार करणारी जनुके सुरू होतात आणि लॅक्टोज संपले की ती बंद होतात, असे मी सांगून संपवले. तेव्हा तो उभा राहिला.

"मॅडम, आमचे अण्णा जन्मभर म्हशी पाळतात. त्यांना दूध पचत नाही. एवढ्याशा जंतूला दूध मिळालं की सवय होते, मग अण्णांना का होत नाही?"

वर्ग हसला. मी, परीक्षेला येत नाही, असे म्हटले आणि त्याला खाली बसायला सांगितले.

मला उत्तर माहीत नव्हते, हे खरे. पण त्याहून खरे हे की, प्रश्न किती नेमका आहे हेही मला त्या क्षणी कळले नव्हते. त्याने फळ्यावरचा नियम उचलला होता आणि तो जसाच्या तसा आपल्या वडिलांना लावून पाहिला होता. विज्ञानात याहून प्रामाणिक दुसरी हालचाल कोणती असते? ज्याक मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाचे एक विधान तेव्हा आम्ही शिक्षक मोठ्या कौतुकाने सांगत असू. ई. कोलाय या जिवाणूबद्दल जे खरे ठरेल ते हत्तीबद्दलही खरे असले पाहिजे, असा त्याचा आशय. त्या मुलाने हत्तीच्या जागी अण्णांना उभे केले होते, इतकेच.

मोनो यांची गोष्ट मला आजही आवडते. 1941 साली, जर्मनांच्या ताब्यात असलेल्या पॅरिसमध्ये, त्यांनी डॉक्टरेटसाठी जिवाणूंच्या वाढीचा अभ्यास पूर्ण केला. जिवाणूंना एकाच भांड्यात दोन साखरा द्यायच्या, एक ग्लुकोज आणि दुसरी काहीशी अवघड, आणि वाढ मोजत राहायची, असा तो साधा प्रयोग. काही जोड्यांमध्ये वाढीची रेघ सरळ वर न जाता मध्येच आडवी होई, काही काळ तशीच राही आणि मग पुन्हा चढू लागे. आधी ग्लुकोज संपवायचे, मग थांबायचे, आणि मग दुसरीकडे वळायचे. ताटातले गोड आधी संपवून भाजीकडे नाइलाजाने वळणाऱ्या पोरासारखे. मधल्या त्या थांब्यात जिवाणू नेमके काय करत असतो, या प्रश्नाने मोनो यांना पुढची वीस वर्षे पुरवली. युद्धात ते प्रतिकार चळवळीत उतरले. त्यांचे पुढचे सहकारी फ्रान्स्वा जाकोब नॉर्मंडीत इतके जखमी झाले की, शल्यचिकित्सक होण्याचा त्यांचा बेत सोडून द्यावा लागला. पाश्चर संस्थेच्या पोटमाळ्यावरच्या प्रयोगशाळेत ही माणसे एकत्र आली, 1961 मध्ये त्यांनी ऑपेरॉनची कल्पना सविस्तर मांडली आणि 1965 मध्ये मोनो, जाकोब व आंद्रे ल्वॉफ यांना मिळून नोबेल मिळाले.

त्या थांब्यात काय होते ते आता आपल्याला ठाऊक आहे, आणि ते इतके काटकसरीचे आहे की मला त्यात नेहमी एखादे मध्यमवर्गीय घर दिसते. लॅक्टोज फोडणाऱ्या विकराच्या एकेका साखळीत हजारावर अमिनो आम्ले असतात आणि अशा चार साखळ्या एकत्र आल्या की एक विकर तयार होते. अनुकूल परिस्थितीत दर वीस मिनिटांनी दुप्पट होणाऱ्या जीवाला असली चैन गरजेशिवाय परवडणारी नाही. म्हणून लॅक्टोज नसताना एक दमनकारी प्रथिन, म्हणजे रिप्रेसर, त्या जनुकांच्या तोंडाशीच डीएनएला घट्ट धरून बसते. असे रिप्रेसर एका पेशीत अक्षरशः हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. तरीही पहारा थोडा ढिला असतो, अधूनमधून एखादी प्रत निसटते, आणि विकराचे चार-दोन रेणू पेशीत कायम असतात. ही गळती नसती तर सगळे फसले असते, कारण बाहेर लॅक्टोज आले की त्याला आत घेणारे आणि त्याचे किंचित रूप बदलणारे कोणी तरी आधीच आत असावे लागते. तो बदललेला रेणू रिप्रेसरला चिकटतो, रिप्रेसरची पकड सुटते, आणि एकाच संदेशात तीन जनुकांची प्रत निघू लागते. विकराचे प्रमाण काही मिनिटांत शेकडो पटींनी वाढते, ते हजार पटींपर्यंतही जाऊ शकते. ग्लुकोज हाताशी असेल तर मात्र लॅक्टोज समोर असूनही हे सारे जवळजवळ बंदच राहते, कारण जनुकाला जोर देणारा दुसरा एक संकेत ग्लुकोज संपल्यावरच तयार होतो. मोनो यांच्या आलेखातली ती आडवी रेघ म्हणजे चूल पेटवण्याचा वेळ.

आणि घाई किती, तर संदेश पुरता लिहून होण्याआधीच त्याचे वाचन सुरू होते. जिवाणूला केंद्रक नाही, मध्ये भिंत नाही. डीएनएवरून आरएनएची, म्हणजे जनुकाच्या प्रतीची, दोरी बाहेर पडत असतानाच रायबोसोम, ही पेशीतली प्रथिने बनवणारी यंत्रे, तिच्यावर चढतात आणि प्रथिन विणू लागतात. 1970 मध्ये याची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातली छायाचित्रे प्रसिद्ध झाली. डीएनएच्या धाग्याला दोन्ही बाजूंनी आरएनएच्या लोंब्या फुटलेल्या आणि प्रत्येक लोंबीवर रायबोसोमचे मणी. संदेशही फार टिकत नाही, दोन-चार मिनिटांत तो मोडीत निघतो. लॅक्टोज संपले, रिप्रेसर परत जागेवर आला, की उरलेले विकर पुढच्या पिढ्यांमध्ये वाटले जाऊन विरळ होते. जिवाणूचा सारा कारभार हा असा आजच्या दिवसापुरता, किंबहुना या घटकेपुरता असतो.

आता अण्णा. म्हणजे आता मीही.

लहानपणी मी दूध भरपूर प्यायले आहे. भद्रकालीजवळ आमचे घर होते, पहाटे दारात मापाचा आणि कडीच्या डब्याचा आवाज होई, आणि आई आम्हा दोघा भावंडांना पितळी पेल्यांत कोमट दूध देई, ज्याची साय ओठांना चिकटे. पेला रिकामा केल्याशिवाय शाळेला जायचे नाही असा नियम होता. ते दूध पचत होते, याचा अर्थ माझ्या लहान आतड्याच्या अस्तरातल्या पेशी तेव्हा लॅक्टेज हे विकर तयार करत होत्या. काम तेच, लॅक्टोजचे दोन तुकडे करण्याचे, फक्त जनुक जिवाणूच्या जनुकाहून वेगळे. पुढे कधीतरी, बहुधा मी शाळेतच असताना, ते हळूहळू कमी होत गेले आणि तिशीनंतर दुधाच्या पेल्यानंतर दीडेक तासाने पोटात जे गुडगुडणे सुरू होई त्यावरून मला त्याचा पत्ता लागला. दूध मी सोडले नव्हते, वहिनींचे निदान इथे चुकले. मी रोज पीत होते आणि तरीही ते जनुक बंद होत गेले. जगातल्या बहुसंख्य प्रौढांचे ते असेच बंद होते, आणि बाकीच्या सस्तन प्राण्यांमध्ये तर दूध तुटल्यावर हाच सर्वसाधारण नियम आहे. जिवाणूचे जनुक दूध पाहते. माझे जनुक वय पाहते.

आपल्याकडे म्हणतात, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. अण्णांच्या बाबतीत नेमके उलटे होते. आडात भरपूर होते. जनुक शाबूत, एक अक्षरही बिघडलेले नाही. पोहराच खाली जात नव्हता.

का जात नव्हता, हे समजून घ्यायचे तर आधी आपल्या पेशीत जनुक कसे ठेवलेले असते ते पाहावे लागते. येवल्याची पैठणी कपाटात जशी मलमलीत गुंडाळून, घडीवर घडी घालून, इतर साड्यांच्या खाली ठेवलेली असते, तशी काहीशी ही ठेवण आहे. आपल्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर जवळजवळ दोन मीटर भरतो आणि तो काही मायक्रोमीटरच्या केंद्रकात बसवलेला असतो. डीएनएच्या लिपीतल्या दर 147 अक्षरांचा तुकडा हिस्टोन प्रथिनांच्या एका गुंडीभोवती पावणेदोनच्या आसपास वेढे घेतो, मग थोडा मोकळा धागा, मग पुढची गुंडी. जिवाणूचे जनुक बहुतांशी हाताला येईल असे असते आणि त्याला बंद ठेवायला रिप्रेसर लागतो. आपले जनुक मुळातच घडीत असते, ते उघडायलाच अनेकांची मदत लागते. कुणी घडी सैल करणारे, कुणी हिस्टोनवर खुणा करणारे, कुणी दूरच्या एखाद्या तुकड्यावर बसून मधला धागा कमानीसारखा वाकवून जनुकाच्या तोंडाशी पोहोचणारे. प्रत तयार झाली तरी ती तशीच चालत नाही. तिच्यातले प्रथिनासाठी न लागणारे मधले भाग कापून टाकावे लागतात, टोकांना टोपी आणि शेपटी लावावी लागते, आणि मग ती केंद्रकाच्या छिद्रातून बाहेर पडते. हे कापणे आणि जोडणे 1977 मध्ये उघडकीस आले तेव्हा जिवाणूंवर वाढलेल्या जीवशास्त्राला धक्काच बसला होता. या प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी हो किंवा नाही म्हणू शकते.

इतका खटाटोप कशासाठी? माझ्या डोळ्याच्या पेशीत, त्वचेच्या पेशीत, मेंदूच्या पेशीत लॅक्टेजचे जनुक आहेच, आणि तिथे ते कधीही उघडू नये हे आवश्यक आहे. ई. कोलायच्या एका पेशीला सर्व काही व्हावे लागते, म्हणून तिला आता समोर काय आहे एवढेच विचारून भागते. माझ्या पेशीला आधी, मी कोण आहे, कुठे आहे, हा देह केवढा झाला आहे, ही चौकशी करावी लागते आणि समोर काय आले आहे हा प्रश्न त्यानंतर येतो. तिला तो कधीच पडत नाही असे नव्हे. साखर वाढली की इन्सुलिनचे जनुक जोमाने चालते, ताप आला की कितीतरी जनुके जागी होतात. पण ते सगळे आधी ठरलेल्या ओळखीच्या आत.

अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर 2002 मध्ये प्रसिद्ध झाले, तोवर तो मुलगा पंचविशीत असणार. माझ्या वाचनात ते आले त्याच्याही बऱ्याच नंतर, आणि वाचताना मला त्याचा बाक आठवला. फिनलंडमधल्या काही कुटुंबांचा अभ्यास करून संशोधकांनी असे दाखवले की, मोठेपणीही दूध पचणाऱ्यांमध्ये लॅक्टेजच्या जनुकात काहीच वेगळे नसते. फरक असतो तो जनुकाच्या सुमारे 14 हजार अक्षरे आधी, तेही शेजारच्या एका भलत्याच जनुकाच्या आत, कापून टाकल्या जाणाऱ्या भागात. नेमके सांगायचे तर 13,910 अक्षरे अलीकडे एका सी च्या जागी टी. हे एक अक्षर बदलले की तिथे जनुकाला जोर देणारी प्रथिने अधिक घट्ट बसतात. पुढच्या अभ्यासांत असेही दिसले की, सी असलेल्यांच्या डीएनएवर त्या भागात वयाबरोबर मिथाइलच्या खुणा चढत जातात आणि घडी मिटते, टी असलेल्यांमध्ये ती बरीचशी उघडी राहते. आफ्रिकेतल्या आणि अरबस्तानातल्या पशुपालकांमध्ये त्याच परिसरात निराळी अक्षरे बदललेली आढळली, म्हणजे ही युक्ती माणसात एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे घडली. भारतात मुख्यतः युरोपातलाच तो टी आढळतो, वायव्येकडे अधिक आणि दक्षिणेकडे व पूर्वेकडे जावे तसा कमी. आपण महाराष्ट्रातले लोक कुठेतरी मधल्या पायरीवर. एक प्रत मिळाली तरी पुरते, त्यामुळे एकाच घरात एकाला पचते आणि दुसऱ्याला नाही असे सर्रास घडते. माझा धाकटा भाऊ साठी उलटल्यावरही झोपताना मोठा पेलाभर दूध पितो. आम्ही कोणी तपासणी केलेली नाही, पण आईच्या त्या दोन पितळी पेल्यांचे पुढे काय झाले याचा अंदाज येतो.

यात मला सर्वांत विलक्षण वाटते ती एक वेगळीच गोष्ट. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी चार-पाच दिवसांहून जास्त जगत नाहीत. शाळेतल्या मुलीच्या ज्या पेशींनी दूध पचवले त्या कधीच गळून गेल्या, त्यानंतर हजारो पिढ्या आल्या आणि गेल्या. बंदी मात्र राहिली. प्रत्येक नवी पेशी जन्मतानाच ही बंदी घेऊन येते, कारण खाली दडलेल्या मूळ पेशी ती राखून आहेत. ज्या दुधाने ती पेशी कधी भिजलीच नाही, त्या दुधाबद्दलचा निर्णय तिच्याकडे वारशाने आलेला असतो. हे वाचले त्या रात्री मला कौतुक वाटले आणि थोडा रागही आला. इतके सगळे लक्षात ठेवणाऱ्या शरीराला, समोर रोज दूध येते आहे, एवढे साधे लक्षात येऊ नये?

कोजागरीनंतर दोन दिवसांनी मी भावाकडे दिंडोरीला गेले. त्याच्या द्राक्षबागेत गोड्या छाटणीची, म्हणजे ऑक्टोबरातल्या फळछाटणीची, गडबड होती. एका प्लॉटमध्ये काड्या कापून झाल्या होत्या आणि बाया काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे फुटव्याच्या अंकुरांना, पेस्ट लावत पुढे सरकत होत्या, दुसरा प्लॉट अजून उभा होता आणि त्यातल्या नमुन्याच्या काड्या ओट्यावर ओल्या गोणपाटात ठेवलेल्या होत्या. छाटणी किती डोळ्यांवर घ्यायची हे ठरवण्याआधी बागायतदार काडीतले डोळे तपासून घेतात. माझ्याकडे निवृत्तीनंतर घेतलेला एक साधा सूक्ष्मदर्शक आहे, तो मी मुद्दाम नेला होता. भावाने पात्याने पाचवा डोळा अलगद उभा कापला. वर तपकिरी खवले, आत कापसासारखी तांबूस लव, आणि त्या लवेत, टाचणीच्या डोक्यापेक्षाही लहान, फिकट हिरवा, कडेला फुगवटे असलेला एक उंचवटा. घड. अजून साडेचार महिन्यांनी पेटीत जाणारा घड. पुढच्या काडीच्या डोळ्यात त्याच जागी एक बारीक, टोकदार, वाकडा कोंब होता. "ही बाळी," भाऊ म्हणाला, "इथे घड जिरला."

द्राक्षात बाळी, म्हणजे आधाराला वेटोळे घालणारा कोंब, आणि घड ही एकाच उंचवट्याची दोन भवितव्ये आहेत. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांच्या आत, ऊन, पाणी, नत्र आणि वेलीतली संजीवके यांच्या तोलावर डोळ्यातल्या पेशींचे ठरते. सायटोकायनिन वरचढ झाले तर घड, जिबरेलिन वरचढ झाले तर बाळी. म्हणून त्या दिवसांत बागायतदार वेलीचा जोर आटोक्यात ठेवतात, पाणी तोडतात, सिक्सबीए आणि सीसीसी या वाढ-नियंत्रकांच्या फवारण्या घेतात. हा माणूस, ज्याने जीवशास्त्र दहावीनंतर सोडले, दरवर्षी मे महिन्यात पेशींची जनुके कुठली उघडावीत यासाठी झगडत असतो, फक्त तो त्याला काडी तयार करणे म्हणतो. आणि मेमध्ये ठरले ते ऑक्टोबरात ओतलेल्या पाण्याने फिरवता येत नाही. बाळीचा घड होत नाही.

मी त्याला लॅक्टेजची कथा सांगितली आणि म्हटले की, वेलीच्या डोळ्याचे आणि माझ्या आतड्याचे सारखेच आहे, लवकर ठरते आणि मग बदलत नाही. त्याने काडी परत गोणपाटात गुंडाळली. "तेवढंही पक्कं नसतं ताई. आत्ता डोळ्यात घड दिसतोय ना, छाटणीनंतर ढगाळ हवा लागली, पाऊस झाला, वेल माजली, तर फुटता फुटता जिरतो. ठरलेलं पण मोडतं." मी गप्प झाले. तो म्हणत होता ते खरे होते, आणि माझे वाक्य फळ्यावरच्या आकृतीसारखे जरा जास्तच नीटस होते.

असे नीटस वाक्य लिहिण्याची सवय आम्हा शिक्षकांना फरक स्पष्ट करा या प्रश्नाने लावली आहे. मधोमध रेघ, डावीकडे आदिकेंद्रकी, म्हणजे जिवाणूसारखे केंद्रक नसलेले जीव, उजवीकडे दृश्यकेंद्रकी, म्हणजे आपल्यासारखे केंद्रक असलेले. डावीकडे ऑपेरॉन, उजवीकडे प्रत्येक जनुकाचा स्वतंत्र संदेश. डावीकडे जवळचा खटका, उजवीकडे दूरचा. चार मुद्दे, चार गुण. मी हजारो उत्तरपत्रिकांत ती रेघ तपासली आहे. खरी सृष्टी त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना सांडलेली असते. सी. एलेगन्स नावाचा मिलिमीटरभर लांबीचा जंत दृश्यकेंद्रकी आहे, आणि तरीही त्याची पुष्कळ जनुके ऑपेरॉनमध्ये एकापाठोपाठ एक बसलेली आहेत. आमच्या जिल्ह्यातल्या वायनरींच्या टाक्यांत फसफसणारे यीस्ट दृश्यकेंद्रकी, पण ग्लुकोज आधी आणि बाकीच्या साखरा नंतर हा त्याचा हिशेब थेट मोनो यांच्या जिवाणूसारखा. त्याची यंत्रणा तेवढी वेगळी आहे. उलट ई. कोलायचा रिप्रेसरसुद्धा एकाच जागी बसत नाही, तो डीएनए वाकवून काहीशे अक्षरांवरची दुसरी जागाही धरतो, म्हणजे उजव्या रकान्यातली कमान डावीकडेही सापडते. फरक नाही असे मी म्हणत नाही, फरक प्रचंड आहे. पण त्या मुलाचा प्रश्न रेघेवरच उभा होता, आणि रेघेवरच्या प्रश्नाला माझ्याकडे रकाना नव्हता.

आज तो समोर आला तर मी त्याला फिनलंडची गोष्ट सांगेन. मात्र तेवढ्याने त्याचे समाधान होईल असे मला वाटत नाही, कारण गोठ्यात राहणाऱ्या मुलाने काही माणसांना सवय होतानाही पाहिलेली असणार. ती होतेच. वहिनी म्हणाल्या ते अगदीच खोटे नाही. ज्यांचे लॅक्टेज बंद आहे अशा माणसांनी रोज थोडे दूध घेत राहिले, तर आठवड्या-दोन आठवड्यांत पुष्कळांचा त्रास खरोखर कमी होतो. पण त्यांच्या आतड्यातल्या पेशी मोजल्या तर लॅक्टेज जिथल्या तिथेच असते, तसूभरही वाढलेले नसते. मग बदलते काय? लहान आतड्याने न पचवलेले लॅक्टोज मोठ्या आतड्यात उतरते आणि तिथे अब्जावधी जिवाणू बसलेले असतात. रोज दूध येऊ लागले की ते पचवणारी त्यांची जनुके उघडतात, आणि ज्यांना ते चांगले पचवता येते त्यांची संख्या वाढते. वायू कमी होतो, गुडगुड कमी होते. माझी पेशी हटून बसलेली आणि तिच्यापासून हातभर अंतरावर मोनो यांचा आलेख चालू, असे दोन्ही रकाने एका पोटात.

अण्णांना सवय का होत नाही, असे तो म्हणाला होता. त्याने विचारलेल्या प्रश्नात एकच शब्द चुकला होता, आणि तो त्याच्याइतकाच माझाही चुकला असता.

त्या कोजागरीला उरलेले आटीव दूध वहिनींनी मला आग्रहाने डब्यात घालून दिले होते. घरी मी ते थोडे कोमट करून त्यात चमचाभर विरजण मोडले आणि डबा टॉवेलात गुंडाळून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवला. सकाळी ते केशरी झाक असलेले दही सुरीने कापावे इतके घट्ट लागले होते, आणि मी ते दोन वाट्या खाल्ले. दही मला चालते, कारण विरजणातल्या जिवाणूंनी लॅक्टोजचा काही भाग रात्रीतच आंबवलेला असतो आणि उरलेल्याच्या पचनाला त्यांची विकरे माझ्या पोटात आल्यावरही हात लावतात.

दिंडोरीहून परतल्यापासून मी रोज दुपारच्या जेवणाबरोबर पाव कप दूध घेते आहे. जुन्या हजेरीपटाची कोरी पाने उरली होती, त्यांवर तारीख, वेळ आणि पोटाची हकीकत लिहून ठेवते. पहिले पाच दिवस हजेरी पूर्ण होती. सहाव्या दिवशी पुसट, आठव्या दिवशी पुन्हा जोरात, त्यानंतर तीन दिवस कोरे. काल अर्धा कप घेतला. ह्यांनी वर्तमानपत्रावरून पाहिले आणि विचारले, "काय, झाली का सवय तुला?"

"मला नाही," मी म्हणाले, आणि पानावर कालची तारीख घातली.